ताज्या बर्फात कूगरचा माग: पायी शिकारीतल्या पायऱ्या आणि नेहमीच्या चुका

ताज्या बर्फात कूगरचा (म्हणजे प्यूमा, अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराचा) ठसा दिसला की नवखा माणूस लगेच त्या ठशांमागे चालू लागतो. दुपारपर्यंत चार-पाच किलोमीटर बर्फ तुडवतो, घामाने आतून भिजतो, आणि उन्हं उतरताना त्याच्या लक्षात येतं की ठसे परवाचे होते. किंवा पिल्लांच्या आईचे होते. मीही पहिले दोन हिवाळे हेच केलं. गेल्या काही वर्षांत सिएटलकडच्या ज्या मराठी मंडळींना सोबत नेलं, त्यांचंही गाडं इथेच अडलं. ठसा सापडणं त्या मानाने सोपं. अवघड असतं ते कोणता ठसा सोडून द्यायचा हे ठरवणं, आणि तेही पाठलाग सुरू करण्याआधी.

हे सगळं वॉशिंग्टन राज्याबद्दल आहे, त्यातही कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या मेथाव आणि ओकानोगन भागाबद्दल. १९९६ च्या सार्वमतानंतर इथे हौशी शिकाऱ्याला कूगरमागे कुत्रे सोडता येत नाहीत, म्हणून पायी माग काढणं आलं. मोंटाना-आयडाहोत कुत्री चालतात, तिथली पद्धत वेगळी. कॅलिफोर्नियात १९९० पासून कूगरची शिकारच बंद आहे. भारतातून वाचणाऱ्यांनी यातलं काहीही बिबट्यावर करून बघायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो सरळ तुरुंगाचा रस्ता आहे. फक्त कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना पहिल्या सात पायऱ्यांतलं बरंचसं तसंच लागू पडेल.

१. घरची तयारी: कागद आधी

मोठ्या जनावरांचा परवाना आणि कूगरचा टॅग (मारलेल्या जनावराला लावायची अधिकृत चिठ्ठी), दोन्ही नावावर हवेत. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला आधी शिकार-शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. तो उरकून टाकायची गोष्ट म्हणून बघू नका, बंदूक हाताळण्याच्या सवयी तिथेच लागतात.

राज्याचे विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागात किती कूगर मारता येतील याची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की तिथला मोसम बंद, तारखेच्या आधीसुद्धा. त्यामुळे मागच्या आठवड्यात चालू होतं म्हणून आजही चालू असेल, असं धरून चालू नका. निघायच्या आदल्या रात्री वन्यजीव खात्याच्या पानावर बघा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा.

इशारा: एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगण्याला केंद्राच्या कायद्याची मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. राज्याचे नियम त्यावर आणखी. "मित्राची रायफल जरा धरून बघतो" एवढ्यानेही गुन्हा होऊ शकतो. आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

सामानात लोक बंदुकीवर पैसे घालतात आणि मोज्यांवर वाचवतात. हरणासाठी चालणारी .२४३ ची रायफल कूगरला पुरेशी आहे. सुती कपडा मात्र अंगाला लागू देऊ नका; घामाने ओला झालेला सुती बनियन थंडीत जिवावर बेततो. लोकरीचे थर, मोज्यांचा जादा जोड, स्नोशू (पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी), मोजपट्टी, दोन हेडलॅम्प, ऑफलाइन नकाशा, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र, पातळ रबरी हातमोजे आणि दोरीने ओढायची प्लास्टिकची घसरगाडी. शेवटच्या दोन वस्तू कशाला, ते दहाव्या पायरीत.

२. दिवस कोणता निवडायचा

इथे घाई करणाऱ्याची पुढची सगळी मेहनत वाया जाते. उत्तम दिवस असा: पाच ते पंधरा सेंटीमीटर नवा बर्फ पडलेला, हिमपात मध्यरात्रीच्या आसपास थांबलेला आणि वारा नाही. कूगर बहुतेक संध्याकाळ ते पहाट एवढ्यात फिरतो. बर्फ रात्री बारा वाजता थांबला आणि तुम्हाला सकाळी सात वाजता त्यावर ठसा मिळाला, तर तो फार तर सात तासांचा. वेगळं गणित करावं लागत नाही.

बर्फ पहाटे सहाला थांबला तर रात्रीचे सगळे ठसे पुरलेले असतात. तीन दिवसांपूर्वी थांबला असेल तर जंगलात ठशांचा बाजार भरलेला असतो. दुपारी वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर कडक पापुद्रा धरतो. त्यावर प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजतं. अशा दिवशी मी घरीच थांबतो.

तपासा: हिमपात किती वाजता थांबला, हे अंदाजाने धरू नका. जवळच्या हवामान केंद्राच्या तासातासाच्या नोंदी बघा आणि वेळ वहीत लिहा. पाचवी पायरी सगळी या एका आकड्यावर उभी आहे. त्याच वेळी नॉर्थवेस्ट अव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाजही वाचा. ३० ते ४५ अंशांचे उघडे उतार सगळ्यात धोकादायक, आणि नव्या बर्फाचा दिवस म्हणजे नेमका त्यांचा दिवस.

३. शोधायचं कुठे

कूगर शोधायचा तर हरणं शोधा. मेथावच्या खोऱ्यात राज्यातला म्यूल हरणांचा सगळ्यात मोठा स्थलांतरी कळप हिवाळ्याला खाली उतरतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, ऊन खाणाऱ्या, कमी बर्फाच्या उतारांवर हरणं चरतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला कातळ आणि दाट झाडी असते. कूगर या दोहोंच्या मधे ये-जा करतो.

सह्याद्रीत भटकलेल्यांना नकाशा वाचायला शिकवावं लागत नाही. धार, सोंड, खिंड, घळ, कड्याखालचा पदर. जनावरही याच वाटा धरतं. सगळा डोंगर पायाखाली घालायचा नसतो, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा आडव्या कापायच्या असतात. हिवाळ्यात बंद असलेला जंगलातला रस्ता उताराला आडवा जातो, तो सगळ्यात कामाचा. खिंडीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक घळीच्या तोंडाशी थांबून बघा.

सिएटलहून जाणाऱ्यांसाठी: उत्तर कॅस्केडचा हायवे २० हिवाळ्यात बंद असतो, वेनॅचीकडून वळसा घालावा लागतो. गाडीत टायरला लावायची चेन हवी, आणि बर्फ काढलेल्या ठरावीक जागी गाडी लावायची तर स्नो-पार्क परमिटही. खोऱ्याच्या तळातली बरीच जमीन खासगी आहे. ठसा कुंपणापलीकडे गेला तर परवानगी मिळेपर्यंत तो माग तिथेच संपला.

४. ठसा कूगरचाच आहे का

एका ठशावर निकाल देऊ नका. निदान दहा ठसे बघा आणि त्यातल्या स्पष्ट दोन-तीनांवर ठरवा. पहाटे हेडलॅम्प डोक्यावरून काढून जमिनीलगत आडवा धरा. वरून सपाट दिसणारा ठसा तिरप्या उजेडात उठून दिसतो.

तळव्याच्या गादीची मागची कड बघा: कूगरच्या गादीला मागे तीन फुगवटे असतात. पुढच्या पायाचा ठसा साधारण साडेसात ते दहा सेंटीमीटर रुंद, लांबीपेक्षा रुंदी जास्त किंवा बरोबरीची. नखं बहुतेक उमटत नाहीत. आणि ठसा दोन बाजूंनी सारखा नसतो, एक बोट पुढे असतं. उजवा तळहात अंगठा मिटून बर्फावर टेकवा, मधलं बोट डावीकडे झुकून सगळ्यात पुढे दिसेल. कूगरच्या उजव्या पंजाचंही तसंच. कुत्रा, कायोटी, लांडगा यांचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा, लांबट आणि बहुधा नखांसकट.

बॉबकॅट आणि लिंक्स ही इथली कूगरहून लहान रानमांजरं. बॉबकॅटचा ठसा जेमतेम पाच सेंटीमीटरचा, तो कळतो. चुका होतात त्या लिंक्समुळे. लिंक्सचा पंजा कूगरएवढा मोठा उमटू शकतो, पण पायाखाली केसांचा दाट थर असल्याने कडा धूसर असतात, आणि हलकं जनावर असल्याने ठसा बर्फात फारसा रुतत नाही. कूगर त्याच बर्फात खोल जातो. खोल बर्फात कूगरच्या मागावर कधी कधी लांब शेपटीची घासही दिसते. लिंक्सची शेपूट आखूड, ती घासेल कशी?

इशारा: लिंक्स आणि लांडगा दोन्ही इथे संरक्षित आहेत. "बहुतेक कूगरच" वाटत असेल तर तो माग तुमच्यासाठी नाही.

५. ठसा किती जुना

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी पाच-दहा मिनिटं गुडघ्यावर बसून काढतो, आणि सोबतचा माणूस कंटाळून "चला ना" म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही.

आधी हवामानाचं घड्याळ लावा. ठशात नव्या बर्फाचे कण पडलेत का? असतील तर ठसा हिमपात थांबण्याआधीचा. वारा पहाटे सुटला होता आणि ठशात वाऱ्याने उडवलेला भुगा आहे, तर ठसा वाऱ्याआधीचा. रात्री आभाळ मोकळं होतं आणि ठशाच्या आत हिमकणांची बारीक पिसं फुटलीत, तर त्याने थंडीत बराच वेळ काढलाय.

मग बोट लावा. पायाखाली दाबला गेलेला बर्फ काही तासांत आतून घट्ट होतो. ताज्या ठशाचा तळ आजूबाजूच्या बर्फासारखाच मऊ लागतो, रात्रीचा ठसा बोटाला कडक लागतो. शेजारी आपला बूट उमटवा आणि दोन्हींच्या कडा बघा. तुमची कड धारदार आणि त्याची गोलसर असेल, तर मधे वेळ गेलाय. हे घरी शिकता येतं: स्नोक्वाल्मी खिंडीकडे मुक्काम असेल तेव्हा रात्री दहाला अंगणात हात उमटवा, सकाळी सहाला शेजारी दुसरा उमटवा, मग दोन्ही बोटाने चाचपा. पाच-सहा वेळा केलंत की बोटं शहाणी होतात.

उन्हाचा फसवेपणा ध्यानात ठेवा. दक्षिण उतारावर तासभराच्या उन्हात ठसा पसरतो आणि साधी मादी राक्षसी नराएवढी दिसू लागते. मोजमाप नेहमी झाडाच्या सावलीतल्या ठशाचं घ्या. फांद्यांवरून पडलेले बर्फाचे गोळेही ठशासारखे खड्डे करतात. ते ओळीत नसतात.

तपासा: "हा ठसा अमुक वाजल्यानंतरचा आहे, कारण..." हे वाक्य तुम्हाला मोठ्याने पुरं करता येतं का? कारण सांगता येत नसेल तर ठसा जुना समजा.

६. उलटा माग: कोण आहे, एकटा आहे का

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मला राग येतो तो इथेच. ठसा ताजा आहे असं कळलं की आधी तो जिथून आला तिकडे चाला. निदान दीड-दोन किलोमीटर. पुढचं जनावर बिथरत नाही आणि त्याची रात्रभराची कहाणी वाचून होते.

वॉशिंग्टनमध्ये ठिपकेवालं पिल्लू किंवा त्याच्यासोबतचा मोठा कूगर मारणं बेकायदा आहे. कायदा ठिपक्यांपुरता बोलतो. पण ठिपके पुसट झालेलं पिल्लूही वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत आईच्या जिवावरच असतं. अडचण अशी की पिल्लं कोवळ्या बर्फात आईच्या पावलावर पाऊल टाकून चालतात, म्हणून तीन जनावरांचा माग एकाचाच दिसतो. ओंडके, मोठे दगड, ओढ्याची काठं, अशा जागी रांग फुटते. एक वरून उडी मारतं, दुसरं खालून जातं. तिथे थांबून बारीक बघा. बसल्या जागांचे खड्डे मोजा, वेगवेगळ्या मापाचे दोन-तीन असतील तर विषय संपला. एकटीचेच ठसे मिळाले म्हणूनही पिल्लं नाहीतच असं नाही. आई त्यांना मागे ठेवून शिकारीला निघते.

नर ओळखायला उकरणीची मदत होते. मोठ्या झाडाखाली, धारेवर, खिंडीत नर मागच्या पायांनी उकरून पाचोळ्याचा किंवा बर्फाचा छोटा ढीग करतो. माद्या हे क्वचितच करतात. माग सरळ लांबवर जातो, वाटेत उकरण्या लागतात, ठसे मोठे आहेत: बहुधा नर. मादीची शंका जरी आली तरी मी माग सोडतो. हा नियम नाही, माझा हट्ट आहे.

उलट्या मागावर मारलेलं हरण सापडलं तर? कूगर सावज ओढत नेतो, केस उपटतो, बरगड्यांकडून फोडून काळीज-यकृत आधी खातो आणि उरलेल्यावर बर्फ, पानं, सुया ओढून झाकतो. झाकलेलं सावज दिसलं की तिथेच थांबा. धनी बहुधा जवळपासच झोपलेला असतो आणि दोन-चार दिवस तिथून हलत नाही. जवळ जाऊ नका, सावजाला हात लावू नका. आल्या पावली मागे फिरा आणि समोरच्या उतारावरून दुर्बिणीने बघा.

७. चौकट बांधा

आता तरी ठशांमागे? अजून नाही. नकाशावर माग कुठून कुठे चाललाय ते आखा आणि पुढचा रस्ता किंवा धार गाठून तिथून तो बाहेर पडलाय का बघा. पडला असेल तर तिथून पुढची चौकट. चारही बाजू फिरून कुठेच बाहेर पडलेला ठसा नसेल, तर जनावर आत आहे. सकाळचे दोन-तीन तास यात जातात, पण आंधळा पाठलाग वाचतो.

इशारा: डिसेंबरअखेर इथे आठच्या सुमारास उजाडतं आणि चारला सूर्य मावळतो. परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा. माझी साडेबाराची. त्या वेळेपर्यंत चौकट पुरी झाली नसेल तर पुढची पायरी त्या दिवशी नाही.

८. मागावर चालणं

ठशांवर पाय देऊ नका, दोन-तीन मीटर बाजूने चाला. माग हरवला तर परत येऊन वाचता आला पाहिजे. नजर पायाशी कमी, पुढे जास्त. दहा पावलं, थांबा, चाळीस मीटर पुढचं सगळं बघा, मग पुढची दहा. पूर्ण जनावर शोधू नका. कान, शेपटीचं टोक, झाडाच्या खोडात न बसणारी आडवी रेघ, असं काही दिसतं.

कूगर हरणाएवढा वासावर विसंबत नाही. त्याचे डोळे आणि कान तिखट आहेत. म्हणून वाऱ्याची काळजी घ्या, पण आवाजाची त्याहून जास्त. जॅकेटचं कापड फांदीला घासून वाजतं का, हे घरीच बघा.

सरळ चाललेला माग रेंगाळू लागला, ओंडक्यांखालून जाऊ लागला, कड्याखालच्या पदराकडे वळला, की झोपायची जागा जवळ आली. तिथे माग सोडा, मोठा वळसा घाला आणि वरून या. बरेचदा तो आपल्याच मागच्या वाटेवर नजर ठेवून बसलेला असतो. त्या वाटेने येणारा माणूस त्याला आधी दिसतो.

दोघं असाल तर एक मागाजवळ, दुसरा वरच्या धारेवर, दोघांच्या अंगात भडक नारिंगी, आणि एकमेकांची जागा कळल्याशिवाय कोणी बंदूक वर करायची नाही.

दुसरा मार्ग बसून बोलावण्याचा. पाठ कातळाला किंवा जाड खोडाला टेकवा, समोर मोकळं ठेवा आणि पाडसाच्या किंकाळीची शिट्टी तोंडाने वाजवा. लोक पंधरा मिनिटांत उठतात. कूगर मांजराच्या जातीचा, तो सावकाश येतो. तासभर तरी बसा.

इशारा: तुमचा माग कापत मागून ताजे ठसे आलेले दिसले, तर पाळी फिरली आहे. पाठ फिरवू नका, वाकू नका, पळू नका. मोठे दिसा, आवाज करा, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. अंगावर आलाच तर झुंज द्या. २०१८ साली सिएटलजवळ नॉर्थ बेंडच्या जंगलात कूगरच्या हल्ल्यात एक सायकलस्वार गेला. असं क्वचित होतं, पण होतं.

९. बार काढण्याआधी

दुर्बिणीतून पुन्हा बघा: अंगावर ठिपके? आजूबाजूला दुसरी हालचाल? नराला शेपटीखाली, गुदद्वारापासून दहा-तेरा सेंटीमीटर खाली काळा ठिपका असतो, मादीला नसतो. शेपूट खाली असेल तर तो दिसत नाही, मग थांबा. मागे माती किंवा उतार हवा, मोकळं आकाश नको. नेम खांद्यामागे, फुप्फुसांवर. धावत्या जनावरावर नाही. बार काढल्यावर निदान अर्धा तास जागेवर थांबा आणि मग बंदूक तयार ठेवून मागून जवळ जा.

१०. मारल्यानंतर

टॅग तिथल्या तिथे लावा. खात्याला कळवणं आणि कातडी ठरल्या मुदतीत सील करून घेणं बंधनकारक आहे. नर-मादीची खूण कातडीवर राहू द्या; सोलताना ती कापून टाकण्याची चूक नेहमीची.

रबरी हातमोजे आता लागतात. २००७ मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये मेलेल्या कूगरचं शवविच्छेदन करणाऱ्या एका जीवशास्त्रज्ञाला प्लेग होऊन मृत्यू आला. तोंडाजवळ हात नेऊ नका, हाडं करवतीने कापत बसू नका, काम झाल्यावर सुरीही धुवा. मोठा नर साठ-सत्तर किलोंचा भरतो. खांद्यावर घेऊन बर्फात उतरायचा विचार करू नका, घसरगाडी त्यासाठीच आणली होती.

मांस खाल्लं जातं, चव डुकराच्या मांसाकडे झुकणारी. त्यात ट्रायकिनेला नावाची सूक्ष्म कृमी असू शकते आणि जंगली जनावरांतल्या तिच्या काही जाती फ्रीजरमध्ये महिनोनमहिने तग धरतात. म्हणून गोठवलंय एवढ्यावर विसंबू नका. रस्सा असो की सुकं, मधल्या तुकड्यात थर्मामीटर खुपसून ७१ अंश सेल्सिअस दाखवल्याशिवाय भांडं चुलीवरून उतरवायचं नाही.